शेजाऱ्याने सांगितलेली रँक

श्रोतेहो, नमस्कार.

मातीतला ओलावा मोजणारा छोटा सेन्सर दोन सेलवर वर्षानुवर्षं चालावा, अशी आपली अपेक्षा असते. रेडिओ चालू ठेवणं त्याला फार महाग पडतं, म्हणून तो बहुतेक वेळ झोपूनच असतो. त्याचा संदेशही लांब पोचत नाही. तो शेजारच्या सेन्सरकडे देतो, शेजारी पुढच्याकडे, आणि असं करत माहिती इंटरनेटला जोडलेल्या मुख्य नोडपर्यंत, म्हणजे रूटपर्यंत जाते. (नोड म्हणजे या जाळ्यातलं कुठलंही एक उपकरण.)

हे रस्ते ठरवणाऱ्या नियमावलीचं नाव आरपीएल. जाणकार तिला ‘रिपल’ म्हणतात. आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने ती २०१२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक नोडला एक रँक असते. रूटपासून जितकं दूर, तितका आकडा मोठा. मेख अशी, की ही रँक ज्याची तोच जाहीर करतो, आणि शेजारी ती खरी धरून चालतात. एखादा फितूर नोड म्हणाला, ‘मी रूटच्या अगदी जवळ आहे’, की आसपासची सगळी वाहतूक त्याच्याकडे वळते. त्याने सगळंच गिळलं तर निदान संशय तरी येईल. निवडक पॅकेट, म्हणजे माहितीचे काही तुकडेच, गाळणारा पकडणं खरं अवघड.

‘पण संदेश कूटबद्ध असतात ना?’ असतात की, एईएस-१२८ या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीने! पण सेन्सर उघड्यावर पडलेला. कोणी तो उचलून किल्ली काढून घेतली, तर लबाडी आतूनच होते.

लबाडीचा दुसरा प्रकार मला त्याहून खोडसाळ वाटतो. रस्त्यांच्या रचनेला आवृत्ती क्रमांक असतो आणि तो वाढवायचा हक्क फक्त रूटचा. फितुराने तो वाढवून पसरवला, की सगळे नोड रस्ते नव्याने बांधायला लागतात. चोरीला काहीच जात नाही. बॅटऱ्या मात्र संपतात.

प्रत्येक संदेशावर भक्कम सही का करत नाहीत? कारण इथे रेडिओची अख्खी फ्रेम, म्हणजे एका वेळी पाठवायचा तुकडा, बहुधा १२७ बाइटची; त्यात सहीला जागा कुठली? म्हणून स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली मांडलेली ‘स्वेल्ट’ ही फितूर हुडकायची पद्धत मला पटते. तिच्यात तपासाचं जड काम रूटकडे असतं, कारण त्याच्याकडे ताकद जास्त. नोडने स्वतःची सांगितलेली रँक आणि शेजाऱ्यांनी त्याची कळवलेली रँक रूट पडताळून पाहतो. नोड ज्याच्याकडे संदेश देतो तो त्याचा ‘पालक’, आणि देणारा ‘मूल’; मुलाची रँक पालकापेक्षा पुरेशी मोठी नसेल, तरी रूट शंका घेतो. या चौकशीलाही थोडी बॅटरी लागते, म्हणून ती किती वेळाने करायची, हे जाळं उभारणाऱ्यालाच ठरवावं लागतं.