ब्रिटिश विद्यापीठांतून भाषा का जात आहेत

मित्रहो,

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत भाषांचे आणि मानव्यविद्यांचे, म्हणजे इतिहास-साहित्यासारख्या विषयांचे, विभाग बंद पडत आहेत, अशा बातम्या तुम्ही अधूनमधून वाचल्या असतील. त्या वाचून आपल्याकडे बहुतेकांची समजूत होते की तिथल्या मुलांना आता इंग्रजीखेरीज काही शिकायचेच नाही. सगळे जग इंग्रजी बोलते, मग फ्रेंच-जर्मन कशाला? मला ही समजूत अपुरी वाटते. तिथे एकापाठोपाठ एक निर्णय घेतले गेले. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी पटण्याजोगा दिसला. मुलांची आवड आटली ती या निर्णयांच्या मागोमाग. हा क्रम मला आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

सुरुवात शाळेपासून करतो. २००४ साली टोनी ब्लेअर यांच्या सरकारने इंग्लंडमधल्या शाळांत चौदाव्या वर्षानंतर परकी भाषा शिकण्याची सक्ती काढून टाकली. ज्यांना भाषा झेपत नाही त्यांना दुसरे काही शिकू द्यावे, हा त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पण शतकाच्या सुरुवातीला सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला चारांतली तीन मुले एखादी परकी भाषा घेऊन बसत, ते प्रमाण २०११ पर्यंत ४० टक्क्यांच्या आसपास आले. शिवाय भाषेत वरची श्रेणी मिळणे इतर विषयांपेक्षा अवघड होते. मुले आणि शिक्षक हे वर्षानुवर्षे सांगत होते. २०१९ मध्ये परीक्षा नियामकाने फ्रेंच आणि जर्मनची श्रेणी देण्याची पद्धत सैल करायचे ठरवले, तोवर एक पिढी निघून गेली होती. शाळेची पत निकालावर ठरते. मग कुठला मुख्याध्यापक मुलांना मुद्दाम अवघड विषयाकडे वळवील? भरभक्कम फी घेणाऱ्या खाजगी शाळांत भाषा टिकल्या, सरकारी शाळांतून त्या गळत गेल्या.

आता विद्यापीठांकडे येऊ. इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला १,००० पौंड शुल्क सुरू झाले, २००६ मध्ये ते ३,००० झाले आणि २०१२ मध्ये ९,०००. २०१२ च्या वाढीबरोबर आणखी एक गोष्ट झाली, तिची चर्चा फार कमी होते. मानव्यविद्या शिकवण्यासाठी सरकार विद्यापीठांना थेट जे अनुदान देई, ते जवळजवळ सगळे काढून घेतले गेले. इतिहास किंवा जर्मन शिकणे हे समाजाच्या खर्चाने करायचे काम आहे, हा विचारच त्या दिवशी हिशेबाच्या वहीतून खोडला गेला. तेव्हापासून विभाग जगतो तो फक्त वर्गात बसलेल्या डोक्यांवर.

आणि २०१५ मध्ये या डोक्यांची शर्यत खुली झाली. या टप्प्यावर मी जरा थांबतो, कारण सगळे नुकसान नीट समजायचे तर तो कळायला हवा. पूर्वी कोणत्या विद्यापीठाने किती विद्यार्थी घ्यायचे याला सरकारी मर्यादा असे. ती उठवली गेली. रसायनशास्त्राचे वर्ग वाढवायचे तर प्रयोगशाळा बांधाव्या लागतात. इतिहासाचा वर्ग वाढवायला एक मोठे सभागृह पुरते. साहजिकच नामांकित विद्यापीठांनी मानव्यविद्यांचे प्रवेश वाढवले. ते विद्यार्थी आभाळातून पडले नाहीत. एरवी जे आपल्या भागातल्या कमी नावाजलेल्या विद्यापीठात गेले असते, तेच तिकडे गेले. म्हणजे देशात इतिहास शिकणारा विद्यार्थी होता, पण छोट्या शहरातला इतिहासाचा विभाग ओस पडला.

हल हे शहर घ्या. उत्तर समुद्रावरचे बंदर, युरोपशी शतकानुशतकांचा व्यापार, रॉटरडॅमला रात्रीची बोट. तिथल्या विद्यापीठाने गेल्या दशकाच्या अखेरीस आधुनिक भाषांच्या पदव्यांसाठी नवे विद्यार्थी घेणे थांबवले. ज्या मुलीचे आईवडील गोदीत किंवा दुकानात काम करतात, जिला घरी राहून, पार्टटाइम नोकरी करून शिकायचे आहे, तिच्यासाठी स्पॅनिशची पदवी संपली. ऑक्सफर्डला ती आहेच, पण ऑक्सफर्ड तिच्या बसच्या मार्गावर नाही. भाषेच्या पदवीत एक वर्ष परदेशात काढावे लागते, म्हणजे चार वर्षांचे कर्ज. त्यात २०२० च्या शेवटी ब्रिटन इरॅस्मस या युरोपच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून बाहेर पडला. भाषा शिकणे पुन्हा खानदानी घरांचा छंद होत चालले आहे, आणि मला या सगळ्यातली ही गोष्ट सर्वांत अधिक खुपते.

स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला, म्हणजे १४९५ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात, भाषांच्या स्वतंत्र पदव्या बंद करण्याचा विषय २०२३ मध्ये निघाला, आणि त्यात गेलिक ही तिथल्या मातीतली भाषाही होती. वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ४०० पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. आधुनिक भाषा, प्राचीन इतिहास, संगीत, सगळे त्या यादीत होते. विरोध झाला, काही वाचले. इंग्रजी साहित्यही सुरक्षित नाही. कँटरबरी हे जुना इंग्रजी कवी चॉसर याच्या काव्यातले यात्रेकरू जिथे निघाले ते गाव, नाटककार मार्लोचे जन्मगाव. तिथल्या कँटरबरी क्राइस्ट चर्च विद्यापीठाने इंग्रजी साहित्याची पदवी बंद करायचे ठरवले.

या व्यवस्थेत आपला पैसाही आहे, हे इथे सांगायला हवे. देशी विद्यार्थ्यांचे शुल्क २०१७ पासून आठ वर्षे ९,२५० पौंडांवर गोठलेले होते, महागाई मात्र वाढत राहिली. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काला अशी मर्यादा नाही, म्हणून विद्यापीठांनी तूट भरून काढली ती त्यांच्याकडून. पुण्या-नाशिकच्या घरांनी कर्ज काढून भरलेले पैसे त्यात आहेत. जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्स विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्याची मुभा बंद झाली, अर्ज घटले, आणि तूट उघडी पडल्यावर पहिली कुऱ्हाड पडली ती लहान विभागांवर.

काहीजण विचारतात, गरज पडली तर विभाग पुन्हा उघडता येईल ना? याला इतिहासाचे उत्तर आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानशी युद्ध पेटले तेव्हा ब्रिटनकडे जपानी जाणणारी माणसे मोजकीच होती. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन ऑस्वल्ड टक यांनी बेडफर्डला एक वर्ग सुरू केला. त्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजची ग्रीक-लॅटिन शिकणारी तरुण मुले घेतली आणि सुमारे सहा महिन्यांत त्यांना जपानी लष्करी संदेश वाचण्याइतके तयार केले. हे जमले कशामुळे? एक टक होते, आणि मृत भाषांचे व्याकरण घोटून तयार झालेली मुले होती. ज्या ग्रीक-लॅटिनला निरुपयोगी म्हणतात, त्यांनी युद्धात काम दिले. आज टकही नाहीत आणि ती मुलेही कमी होत आहेत. अशी माणसे ऐन वेळी कुठून आणणार?

आता आपल्या भाषेकडे येतो. लंडनची पौर्वात्य विद्यांची संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली, आज तिला आपण सोआस म्हणतो. तिथे मराठी शिकवली जात होती. तिथले इयन रेसाइड मराठी आणि गुजराती शिकवत. त्यांनी 'गारंबीचा बापू' इंग्रजीत नेली, पानिपताच्या बखरीवर काम केले, महानुभावांच्या ग्रंथांची सूची केली, त्यांच्या सकळ या सांकेतिक लिपीवर लिहिले. आल्फ्रेड मास्टर यांचे जुन्या मराठीचे व्याकरण १९६४ मध्ये ऑक्सफर्डने छापले. महानुभावांची सांकेतिक लिपी उलगडायला वर्गात किती विद्यार्थी होते, असे त्या काळी कुणी विचारले असते तर ते काम झालेच नसते. अशी कामे मोठ्या भाषाविभागाच्या सावलीत होतात. फ्रेंच-जर्मनचे वर्ग भरलेले असतात तेव्हा विद्यापीठाला एक मराठीचा अध्यापक परवडतो. फ्रेंच-जर्मनच डळमळू लागले की मराठीचे नावही कुणी काढत नाही. केंब्रिजमध्ये संस्कृतचे अध्यासन १८६७ पासूनचे, तरी २००६ मध्ये तिथे संस्कृतची पदवी बंद करायचे ठरले. मराठीची पदवी आज ब्रिटनमध्ये घेता येत नाही. ब्रिटिश लायब्ररीत मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी कागद आहेत, त्यांची सूची १९५० मध्ये छापून झालेली आहे. ते कागद वाचू शकणारी नवी माणसे मात्र त्या देशात आता तयार होत नाहीत.

आता यंत्र भाषांतर करते, असे सांगितले जाते. रोजच्या पत्रव्यवहाराला ते पुरेल. पण बखरीतला एखादा पुसट मोडी शब्द काय आहे, आणि लिहिणाऱ्याने तो कोणाला खूश करण्यासाठी लिहिला, हे तपासायला ती भाषा अंगी मुरलेला माणूस लागतो. यंत्राचे चुकले हे कळायलासुद्धा तो लागतो.

ऑक्सफर्डचे संस्कृतचे अध्यासन ज्या पैशावर उभे राहिले, तो पैसा कर्नल जोसेफ बोडेन यांचा. ते मुंबईच्या नेटिव्ह इन्फंट्रीत होते. भारतीयांना ख्रिस्ती करण्यास मदत व्हावी हा त्यांचा हेतू होता, आणि तो आपल्याला मान्य होण्याचा प्रश्नच नाही. पण १८३२ मध्ये पहिला अध्यापक नेमला गेला आणि ते अध्यासन अजून चालू आहे, कारण त्याच्या पगाराचा पैसा वेगळा ठेवलेला होता. दरवर्षीच्या प्रवेशांवर तो अवलंबून नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून परदेशात संमेलने भरवण्याच्या, पुतळे उभारण्याच्या गोष्टी आपण उत्साहाने करतो. माझी मागणी त्याहून लहान आणि अधिक खर्चाची आहे. महाराष्ट्र सरकारने आणि लंडन-मुंबईतल्या सधन मराठी माणसांनी मिळून एका ब्रिटिश विद्यापीठात मराठीच्या एका अध्यापकाचे कायमचे पद निर्माण करावे. मूळ निधीला हात न लावता व्याजावर त्याचा पगार निघेल एवढी रक्कम ठेवावी. आणि करारात स्पष्ट लिहावे की एखाद्या वर्षी वर्गात दोनच विद्यार्थी आले, तरी ते पद रद्द होणार नाही.