एनएलआर काढलात, पण रक्त कधी दिलं होतं?

नमस्कार मंडळी, इंदूरहून. पोटाच्या कॅन्सरचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा लागलाय, "ताई, सीबीसीवरून केमो लागू पडेल का ते सांगा ना." काहींनी तर रिपोर्टचे फोटोच टाकलेत. नावासकट! अहो, नाव तरी झाका.

ते विचारतात एनएलआरबद्दल, म्हणजे सीबीसी या रक्ततपासणीतल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं, गुणोत्तर. गणित सोपं आहे. न्यूट्रोफिल ७०, लिम्फोसाइट २०, भागाकार ३.५. झाला एनएलआर. टक्के घ्या नाहीतर अ‍ॅब्सोल्यूट काउंट, उत्तर तेच येतं, त्यावरून कमेंटमध्ये भांडू नका. केमोआधी हा आकडा चढा असलेल्या रुग्णांना सरासरीने केमोचा गुण कमी येतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

केमोआधी. ऐकलंत ना?

रामबागेतले आमचे मामा. पोटाच्या कॅन्सरसाठी फ्लॉट नावाचा केमो चालू होता, म्हणजे ऑपरेशनआधी ४ डोस आणि नंतर ४, दर दोन आठवड्यांनी. त्यांनी रक्त दिलं केमोच्या दुसऱ्या दिवशी. मुलाने मोबाइलवर भागाकार केला, आला १०.५. रविवार होता, आणलेले पोहे-जिलेबी कुणी उघडलेसुद्धा नाहीत. आता केमोबरोबर ओकाऱ्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड न्यूट्रोफिल चढवतं, लिम्फोसाइट पाडतं. १०.५ हा बराचसा डेक्साचा प्रताप!

पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं, जी-सीएसएफ, तरी न्यूट्रोफिल वर. दाढ सुजली, तरी वर. म्हणून विचारते, रक्त कधी दिलं होतं?

उलटंही होतं. केमोनंतर आठवडा-दहा दिवसांत न्यूट्रोफिल धाडकन उतरतात आणि एनएलआर एकदम गोंडस दिसायला लागतो. एका ताईंनी ०.८ बघून पेढे वाटायचं ठरवलं होतं! ताई, हेच तर जंतुसंसर्गापासून जपायचे दिवस. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्रीचे दोन वाजले असोत, हॉस्पिटल गाठा. माझा व्हिडिओ नंतर बघा.

"कट-ऑफ सांगा." एकच ठरलेला नाही हो. कुणी २.५ धरतं, कुणी ३, कुणी ५. आणि एवढ्यावरून कुणाचा केमो थांबवत नाहीत. कुठलं औषध जोडायचं ते बायोप्सीवरच्या हर-टू, पीडी-एल-वन, एमएसआय या तपासण्यांवरून बघतात. त्या रिपोर्टचे फोटो कुणीच पाठवत नाही, गंमतच आहे.

तर डॉक्टरांकडे जाताना वहीत दोन तारखा लिहून न्या, रक्त दिल्याची आणि शेवटच्या केमोची. मामांच्या मुलाने आता फ्रिजवरच तक्ता चिकटवलाय, दुधाच्या हिशोबाशेजारी.