उशिरा पेरलेलं रोप

मागच्या रांगेत बसलेल्यांना हे नीट दिसणार नाही, म्हणून सांगते. माझ्या हातात डेलियाच्या कंदांचा घड आहे. सहा-सात लांबट कंद, रताळ्यासारखे, आणि मधोमध गेल्या वर्षीच्या दांड्याचा वाळका बुडखा. त्यातले दोन मी आत्ता सोडवले. हा एक गुबगुबीत, तळहात भरेल एवढा. हा दुसरा बोटाएवढा, सुरकुतलेला. कुठला लावाल?

वाटलंच होतं. सगळ्यांची बोटं गुबगुबीत कंदाकडे.

आता त्याची मान बघा. वरून साफ तुटलेली आहे. बटाट्याला अंगभर डोळे असतात, तसं डेलियाचं नसतं. इथे डोळा फुटतो तो मानेच्या वर, बुडख्याला चिकटलेल्या भागावर. तो भाग सोबत आला नाही, तर कंद कितीही जाड असो, मातीत पडून राहील. एखादवेळेस मुळंही धरेल, पण कोंब येणार नाही. मी असा एक कंद दोन महिने पाणी घालून जपला होता. शेवटी उकरून पाहिला, तर आत गेला होता तेव्हा होता तसाच टणक.

असो. आजचा विषय आहे थंडीला नाजूक असलेली उन्हाळी फुलं आधी घरात वाढवून मग बागेत लावणं. जिथे हिवाळ्यात बाहेरचं पाणी गोठतं, तिथे हा खटाटोप करावा लागतो. या फुलांची घराणी बघितली की कारण कळतं. डेलिया, झिनिया, कॉसमॉस, अगदी झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा. पेटुनिया दक्षिण अमेरिकेतली. कर्दळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. मेक्सिकोतून माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचलेल्या डेलियाला १७९१ साली कावानिय्यस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आंद्रेआस दाल या स्वीडिश अभ्यासकाचं नाव दिलं. नाव युरोपातलं मिळालं, पण थंडी सोसण्याची ताकद काही त्याबरोबर आली नाही.

पारा शून्याखाली गेला की पानातल्या पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो. तो बर्फ पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे पान थंडीने मरतं असं आपण म्हणतो खरं, पण एका अर्थी ते आतून सुकून मरतं. सकाळी ऊन आलं की तेच पान उकडल्यासारखं लोंबतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं. शून्यापर्यंत जायचीही गरज नसते. रात्री पारा दहाच्या खाली राहिला तरी यातली बरीच झाडं रुसून बसतात.

मग आपण काय करतो? आपल्या भागात शेवटची कडक थंडी साधारण कधी पडते ते बघतो आणि तिथून मागे आठवडे मोजतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे, कारण आपण सगळ्यांना एकच तारीख लावतो. मीही तेच केलं होतं. सगळी पाकिटं एका रविवारी फोडली आणि एका दमात पेरून मोकळी झाले. पेटुनियाला दहा-बारा आठवडे लागतात, तिचं बरोबर जमलं. झिनियाला चार आठवडे पुरतात. तिला मी दहा दिले.

दहा आठवड्यांची ती झिनिया मला अजून दिसते. चहाच्या कपाएवढी कुंडी, वर हातभर काटकुळी दांडी आणि टोकाला एक केविलवाणं फूल. मी तर खूश, लावायच्या आधीच फूल! कुंडी उलटी केली तर माती दिसेचना. नुसती मुळं, कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली. बागेत लावल्यावर ती तीन आठवडे जागची हलली नाही. शेजारच्या काकूंनी त्यांची झिनिया माझ्यानंतर महिन्याहून जास्त उशिरा पेरली होती. त्यांची रोपं चार पानांची, बुटकी, जाड दांड्याची. मधल्या उन्हाळ्यात त्यांचा वाफा फुलांनी भरला होता आणि माझी झिनिया नुकती कुठे फांदी काढायला लागली होती.

तेव्हापासून मी रोपाचं वय मोजणं सोडलं. ते मध्ये कुठे थांबलं का, एवढंच बघते. मुळांना जागा संपली, उजेड कमी पडला, पाणी तुटलं, की रोप थांबतं. आणि झिनियासारखं एका वर्षाचं झाड थांबलं की त्याला वाटतं आपला शेवट जवळ आला, चला, फूल काढून बी धरू. कुंडीतलं ते अकाली फूल म्हणजे त्याची घाबरगुंडी असते. म्हणून डेलियाचे कंद मी लागवडीच्या चार ते सहा आठवडे आधीच कुंडीत घालते, त्याआधी नाही. कंदाच्या बेगोनियाला आठ आठवडे देते, कारण ती फार संथ. झेंडू सहा आठवड्यांत तयार. आणि शंका असेल तेव्हा आठवडाभर उशीर करते.

उजेडाबद्दल मात्र आपले डोळेच आपल्याला फसवतात. खिडकीपाशी आपल्याला लख्ख वाटतं, कारण बाहुली लहान-मोठी होऊन सगळं सांभाळून घेते. रोपाला ती सोय नाही. खिडकीपासून हातभर आत गेलं की त्याच्या लेखी तिन्हीसांजा होतात आणि ते उजेड शोधत नुसतं ताणतं. साधी पांढरी ट्यूब किंवा एलईडी पट्टी रोपांच्या वर चार बोटांवर टांगा, रोज चौदा ते सोळा तास चालू ठेवा आणि रोपं वाढतील तशी वर सरकवा. आणखी एक. बी रुजायला ऊब हवी, मातीत वीस ते चोवीस अंश. पण रुजल्यावर तीच ऊब ठेवली तर रोप लेचंपेचं होतं. कोंब दिसले की ट्रे थोड्या गार खोलीत हलवा, सोळा-अठरा अंशांच्या आसपास.

पेटुनियाचं बी कधी हातात घेतलंय का? एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या घरात बिया बसतात. शिंक आली तर हंगाम गेला! मी जाड कागदाची घडी घालते, घडीत बी ओतते आणि पेन्सिलीने हळूच टिचक्या मारत ओल्या मातीवर सोडते. वर माती घालायची नाही, त्या बियांना रुजायला उजेड लागतो. वरून पाणीही नाही, सगळ्या बिया वाहून एका कोपऱ्यात जमतात. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि पृष्ठभाग काळपट झाला की उचलायचा.

पाण्याने जेवढी रोपं मेली तेवढी तहानेने मेली नसतील. संध्याकाळी ताठ असलेली रोपं सकाळी आडवी पडलेली दिसतात. जवळून बघितलं तर मातीलगत दांडी दोऱ्यासारखी बारीक झालेली असते. ही रोपांची मर. बुरशीचं काम, पण तिला आमंत्रण आपलंच असतं. सतत चिखल, कोंदट हवा, दाट पेरणी. पडलेलं रोप पुन्हा उठत नाही, त्याच्या भोवतालच्या मातीसकट काढून टाका. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ओल आहे पण माती हवाही घेतेय, तो ट्रेमध्ये टिकवायचा. बोटाने कळत नसेल तर ट्रे उचलून बघा, चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं.

बाहेर नेताना सात ते दहा दिवस द्या. पहिल्या दिवशी तासभर, सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला. मी एकदा उत्साहाच्या भरात सगळे ट्रे भर दुपारी अंगणात मांडले आणि कामाला लागले. परत आले तर पानांवर पांढरे चट्टे. थंडीने नाही, उन्हाने. घरातल्या पानाची कातडी पातळ असते, ती जाड व्हायला वेळ लागतो. आधी दोन आठवडे रोज रोपांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवत राहिलात तर दांड्या बुटक्या आणि जाड होतात. वारा आहे असं समजतात बिचाऱ्या.

लावायचा दिवस हवेवरून ठरवू नका. मातीत बोटभर खोल थर्मामीटर खुपसा, सकाळी. सलग काही दिवस पंधराच्या आसपास राहिला तर लावा.

शेंडा खुडायचा का, असं कुणीतरी विचारलं. हो, डेलियाचा जरूर. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की मधला शेंडा नखाने काढा. फूल थोडं लांबेल, पण एकाऐवजी चार-सहा दांडे येतील.

आता हा बारका, सुरकुतलेला कंद पुढून मागे फिरवते. मानेपाशी टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबी ठिपका दिसेल, तो डोळा. त्याला बोट लावू नका. संध्याकाळी हा जेमतेम ओलसर मातीत जायचाय, आणि कोंब वर येईपर्यंत मी त्याला पाणी देणार नाही. तेवढा परत आणून द्या. तो गुबगुबीत कुणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जा.