लाल मुखवट्यांमागचे हात : 'रिमेन इन लाइट' पुन्हा ऐकताना

(दृश्य : फिरणारी तबकडी. शेजारी अल्बमचं मुखपृष्ठ.)

ऑक्टोबर १९८०. न्यूयॉर्कच्या 'टॉकिंग हेड्स' या बँडचा चौथा अल्बम आला, 'रिमेन इन लाइट'. आठ गाणी, साधारण चाळीस मिनिटं. मुखपृष्ठावर चौघांचे चेहरे, लाल रंगाखाली जवळजवळ झाकलेले. तो रंग चढवला एमआयटी या अमेरिकन तंत्रविद्यापीठातल्या संगणकावर. १९८० साली!

संगणकाचं काम मात्र तिथंच संपलं. आत वाजतं ते माणसांनी वाजवलेलं आहे, आणि इतक्या वर्षांनी ऐकताना तेच सर्वांत आधी अंगावर येतं. आज कुणीही लॅपटॉपवर छोटासा तुकडा उचलतो आणि हवा तितका वेळ फिरवत ठेवतो. तेव्हा बहामाजमधल्या कंपास पॉइंट स्टुडिओत टीना वेमथ बास गिटारवर आणि क्रिस फ्रांट्झ ड्रम्सवर तोच तुकडा, तोच ठेका मिनिटंच्या मिनिटं धरून ठेवत. त्यावर जेरी हॅरिसनचा कीबोर्ड, गायक डेव्हिड बर्नची गिटार असे थर चढत. पुढं पाहुणा गिटारवादक एड्रियन बिल्यू आला आणि पहिल्याच गाण्यात त्याची गिटार तारयंत्रासारखी टकटकत सुटली.

गाण्यांत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, जवळजवळ बदलतच नाहीत. मग गाणं पुढं सरकतं कसं? निर्माता ब्रायन ईनो आणि बँड मिक्सिंगला बसून एक थर उघडत, दुसरा बंद करत. चाल आणि शब्द शेवटी आले. बर्न रेडिओवरचे धर्मोपदेशक ऐकत असे; 'वन्स इन अ लाइफटाइम'मधला तो अर्धा बोलका, अर्धा गाता आवाज त्यांच्याकडून आलेला.

श्रेयाच्या ओळीत बर्न आणि ईनो यांची नावं वेगळी छापली गेली. बाकीचे तिघं नुसत्या 'टॉकिंग हेड्स'मध्ये मावले. टीना आणि क्रिसला ते लागलं. त्यांचा ठेका ऐकला की का लागलं ते कळतं.

(दृश्य : नायजेरियातल्या लेगोस शहराचे रस्ते, सत्तरचं दशक.)

एकच आवर्तन इतका वेळ धरून ठेवायची हिंमत आली नायजेरियाचा संगीतकार फेला कुटी याच्याकडून. बँडनं हे ऋण लपवलं नाही. पत्रकारांना पाठवलेल्या मजकुरात त्यांनी चक्क आफ्रिकी संगीताविषयीच्या वाचनासाठी पुस्तकांची यादी जोडली होती.

१९८३मध्ये नायजेरियाच्या शेजारच्या बेनिनमधून गायिका अँजेलिक किजो पॅरिसला पळून आली. तिथं 'वन्स इन अ लाइफटाइम' कानावर पडलं. हे तर आफ्रिकेचं, ती म्हणाली. सोबतच्यांनी तिला उडवून लावलं : हे रॉक आहे, तुमचं नव्हे.

२०१८मध्ये तिनं अख्खा अल्बम नव्यानं गायला. ड्रम्सवर होता टोनी अ‍ॅलन, सत्तरच्या दशकातल्या फेलाच्या बँडचा ड्रमर.

(दृश्य : किजो रंगमंचावर.)

दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत. पहिल्या गाण्याची ती अस्वस्थ धडधड मूळ अल्बमचीच. तिला तोड नाही. पण 'लिसनिंग विंड' घ्या. गावात अमेरिकन आले म्हणून बॉम्ब पेरणाऱ्या मोजिक नावाच्या माणसाचं हे गाणं. बर्न ते दुरून, हळुवार, जपून गातो. किजो गाते तेव्हा मोजिक तिच्या ओळखीचा वाटतो, आणि मला हे गाणं आता तिच्याच आवाजात हवं असतं.