दहा युरोंचं तिकीट आणि दोन मोठ्या बॅगा

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय तो असा: लांबच्या शहराला वेगवान गाडीने जायचं तर नेहमीची गाडी घ्यावी की स्वस्तातली? युरोपात हा प्रश्न आता रोजचा झालाय. या सभागृहातल्या निम्म्या लोकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यामुळे तो आपल्याही घरात आलाय. निवड कशी करायची ते मी सांगणार आहेच. त्याआधी माझ्या दोन बॅगांची गोष्ट सांगते. यातल्या काहींनी ती ऐकली आहे, त्यांनी पुन्हा ऐकावी.

2016 साली माझी मुलगी फ्रान्समधल्या ल्योंला शिकत होती. आम्ही दोघं पॅरिसला उतरलो, दोन दिवस राहून तिच्याकडे जायचं होतं. हॉटेल मिळालं ते गार द लियोंच्या मागच्या गल्लीत. गार द लियों म्हणजे पॅरिसमधलं ल्योंकडे जाणाऱ्या गाड्यांचं स्थानक. तिथून टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी, सुटते आणि साधारण दोन तासांत ल्योंच्या मध्यवस्तीत सोडते. आमच्या खिडकीतून त्या स्थानकाचा घड्याळाचा मनोरा दिसायचा.

तिकिटं मात्र माझ्या भाच्याने मुंबईतूनच काढून ठेवली होती. फोनवर म्हणाला, "मावशी, दहा युरोंत बसवलंय तुम्हाला. रूळ तोच, वेगही तोच." दहा युरो म्हणजे तेव्हाचे साडेसातशे रुपये. आणि तो म्हणाला त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त गाडी गार द लियोंवरून सुटत नव्हती. ती सुटत होती मार्न-ला-व्हालेहून, डिस्नेलँडच्या दारातल्या स्थानकावरून.

मग काय, सकाळी सातला निघालो. दोन मोठ्या बॅगा. एकीत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, तीन लिटरचा कुकर. दुसरीत आईने शिवलेली गोधडी आणि मुलीचे थंडीचे कपडे. तिथल्या लोकलने शेवटच्या स्थानकापर्यंत चाळीसेक मिनिटं. सगळा डबा डिस्नेलँडला निघालेल्या पोरांनी भरलेला. डोक्यावर उंदराचे कान लावलेली पोरं आणि त्यांच्यात कुकर सांभाळत बसलेले हे! गाडीच्या अर्धा तास आधी हजर राहायचं होतं, राहिलो. तिथे कळलं की तिकिटात एक छोटी बॅग आणि एक पर्स एवढंच बसतं. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि ते आधी भरले असते तर कमी पडले असते. ही अट तिकिटावर स्पष्ट छापलेली होती, आम्ही वाचली नव्हती.

गाडी सुरेख होती, हे मला ठासून सांगायचंय. दुमजली, स्वच्छ, ताशी 300 किलोमीटरने पळणारी. खिडकीबाहेर शेतं, गायी, चर्च सगळं सरकत होतं आणि माझ्या बाटलीतलं पाणी हललं नाही. पण उतरवलं कुठे? ल्योंच्या विमानतळावरच्या स्थानकात. तिथून शहरात जायला अर्धा तास ट्राम, आणि त्या ट्रामचं तिकीट आमच्या टीजीव्हीच्या तिकिटापेक्षा जास्त! मुलीच्या दारात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. खिडकीतून दिसणाऱ्या स्थानकावरून निघालो असतो तर सकाळचा चहा तिच्याकडे झाला असता.

गोष्ट इथे संपत नाही. माझ्या शेजारी एक विद्यार्थिनी बसली होती, बरं इंग्रजी बोलायची. तिची खोली पॅरिसच्या पूर्वेला, त्याच लोकलच्या वाटेवर. आईवडिलांचं घर ल्योंच्या विमानतळाकडच्या गावात, वडील गाडी घेऊन येणार होते. सामान म्हणजे पाठीवरची एक सॅक. म्हणाली, पूर्वी रात्रीच्या बसने जायचे, तेही सणासुदीला. आता महिन्यातून एकदा घरी जाते. तीच गाडी, तेच दहा युरो, दोन शेजारशेजारच्या खुर्च्या. तिच्यासाठी ते तिकीट सोन्यासारखं होतं आणि आमच्यासाठी अर्ध्या दिवसाचं नुकसान. मी त्या दिवसापासून याच गोष्टीचा विचार करत आले आहे.

या गाडीचं नाव विगो. फ्रेंच रेल्वेने ती एप्रिल 2013 मध्ये सुरू केली. आता ती पॅरिसच्या आतल्या मोठ्या स्थानकांवरूनही सुटते, त्यामुळे आमच्यासारखी वणवण दर वेळी होईलच असं नाही. नेहमीच्या टीजीव्हीला 2017 पासून इनवी म्हणतात. विगो स्वस्त कशी पडते? हळू चालवून नव्हे. पहिला वर्ग काढला, खाण्यापिण्याचा डबा काढला, आणि जिथे पाचशेच्या आसपास माणसं बसायची त्या गाडीत 634 खुर्च्या बसवल्या. गाडी यार्डात कमी उभी करायची, रुळावर जास्त ठेवायची. तिकीट ऑनलाइन. सुरुवातीला तर मोबाइल चार्ज करायचा सॉकेट असलेल्या खुर्चीचेही वेगळे पैसे होते. थोडक्यात, थाट कापला आणि वेगाला हात लावला नाही.

मुंबईकराला हे समजावून सांगायला लागू नये. आपल्या लोकलमध्ये फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास यांच्यात एक पत्र्याची भिंत असते. तिकिटाच्या दरात कितीतरी पटींचा फरक, पण दादरला दोघं एकाच सेकंदाला उतरतात. वेग दोघांना सारखा मिळतो. पैसे मोजतो ते कोपर टेकायच्या जागेचे.

आणि तरीही आपल्याकडेच याच्या उलट घडलंय, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दख्खनची राणी, आपली डेक्कन क्वीन, 1 जून 1930 ला सुरू झाली. विजेवर धावणारी, मुंबई-पुण्यातली सगळ्यात दिमाखदार गाडी. तिला वर्ग किती होते? दोन, पहिला आणि दुसरा. तिसरा वर्ग नव्हताच. तिसऱ्या वर्गातला माणूस, म्हणजे गिरणीतला, कचेरीतला, पुण्याहून माहेरी निघालेली बाई, यांनी बाकीच्या गाड्यांनी जावं. राणीला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते जून 1955 मध्ये. पंचवीस वर्षं! मधे स्वातंत्र्यही येऊन गेलं होतं. माझे वडील 1955 च्या त्या पावसाळ्यात पहिल्यांदा राणीत बसले. आम्हा मुलांना सांगताना ते गाडीच्या वेगाबद्दल कधी बोलायचे नाहीत. घाटात खिडकीपाशी उभं राहू दिलं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगायचे.

आणखी एक नाव घ्यायचंय, प्राध्यापक मधु दंडवते. 1977 ते 79 ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी बर्थवर फोमची गादी आली ती त्यांच्या काळात. वरच्या वर्गातली गादी काढून घेणं सोपं होतं. त्यांनी खालच्या वर्गाला गादी दिली. स्वस्त म्हणजे टोचणारंच असलं पाहिजे, हा नियम नाही.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत म्हणे. फळ्यावरचा विषय राहिलाच आहे, तर भराभर सांगते.

तिकिटाची किंमत शेवटी बघा. आधी घराच्या दारापासून पोचायच्या दारापर्यंतची वाट कागदावर लिहा. गाडी कुठल्या स्थानकावरून सुटते आणि कुठे सोडते? तिथपर्यंतच्या लोकलचे, ट्रामचे, टॅक्सीचे पैसे मिळवा. बॅगा मोजा, मापं घ्या, जास्तीच्या बॅगेचे पैसे ऑनलाइनच भरा. बेत बदलण्याची शक्यता असेल तर नेहमीची गाडी घ्या. स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, तारीख बदलायलाही आकार पडतो. गुडघे दुखत असतील तर दुमजली गाडीत खालच्या मजल्यावरची जागा मागा. खाण्याचा डबा नसेल तर दशम्या न्या, त्या तशाही चांगल्याच लागतात. एकटे असाल, पाठीवर सॅक असेल, तारीख पक्की असेल, तर डोळे मिटून स्वस्त गाडी घ्या, वेग तोच आहे.

स्पेनमध्ये माद्रिद ते बार्सिलोना 621 किलोमीटर, अडीच तास. तिथे 2021 मध्ये फ्रेंचांची विगो आली, लगेच स्पॅनिश रेल्वेने स्वतःची स्वस्त आव्लो काढली, पुढच्या वर्षी तिसऱ्या कंपनीची इर्यो आली. तिकिटांचे दर उतरले आणि नेहमीच्या गाडीने जाणाऱ्यांचाही फायदा झाला. म्हणून तिकडे जाणार असाल तर एकाच कंपनीचं पान बघून थांबू नका.

आणि घरच्या घरी, पुण्याला जायचं असेल तर? सोलापूरची वंदे भारत आणि डेक्कन क्वीन यांच्यात पुण्यापर्यंत फरक काही मिनिटांचा आहे, कारण बोरघाट कुणालाच पळू देत नाही. तिकिटात मात्र राणीचा सेकंड सीटिंग कित्येक पट स्वस्त. तिथे माझं मत राणीला.

दोन मिनिटं? बरं. वांद्रे-कुर्ला संकुलातून साबरमतीपर्यंत 508 किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा मार्ग बांधला जातोय, ताशी 320 ने गाड्या धावायच्या आहेत. भूमिपूजन 2017 ला झालं. त्या रुळांवर पहिल्या दिवसापासून एक तरी गाडी बिनथाटाची असावी: जास्त खुर्च्या, खाण्याचा डबा नाही, तिकीट वापीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुलाला परवडेल असं. वेगाचा खर्च मोठा आहे, मला कळतं. पण रिकाम्या खुर्चीचा खर्चही रेल्वेलाच पडतो, आणि फ्रेंचांनी त्याच खुर्च्या भरून दाखवल्यात. माझ्या वडिलांसारखी पंचवीस वर्षं आता कुणी थांबू नये. तसं पत्र मी लिहून आणलंय, बाहेर टेबलावर ठेवलंय, पटलं तर सही करा.

प्रश्न खाली चहापाशी घेऊ. मघाशी कुणीतरी म्हणालं की मुलगी ल्योंला आहे आणि दिवाळीत जायचंय, त्यांनी आधी या. बॅगांची मापं बरोबर आणली असतील तर फारच छान.