बॅबेलनं नेमकं कोणतं कॉन्फिग वाचलं?

दृश्य: इंदूर, विजयनगरमधलं एक ऑफिस. टेबलावर पोह्यांची प्लेट, वर शेव आणि जिरावण. शेजारी जुना अँड्रॉइड फोन, स्क्रीन पांढरीफटक.

निवेदन:

बॅबेल म्हणजे नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला कळेल अशा रूपात उतरवणारं साधन. बिल्ड, म्हणजे कोडची तयार फाइल बनवण्याची फेरी, विनातक्रार पार पडला, तरी या फोनवर ॲप उघडत नाही. तयार फाइल उघडली की कारण दिसतं: ऑप्शनल चेनिंग या नव्या लिखाणपद्धतीचं प्रश्नचिन्ह आणि टिंब जसंच्या तसं उतरलंय. जुन्या ब्राउझरला ते वाचताच येत नाही.

"दादा, प्लगिन बदलून बघू का?"

"थांब, आधी कॉन्फिग छापून बघ."

प्लगिन म्हणजे कोडात एखादा बदल करणारा भाग; कोणती प्लगिन्स लावायची ते कॉन्फिग सांगतं. बॅबेल-शो-कॉन्फिग-फॉर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या फाइलचा पत्ता देऊन बिल्ड पुन्हा चालवायचा. त्या फाइलला लागू झालेली सगळी कॉन्फिग्ज टर्मिनलवर येतात, कमी प्राधान्याकडून जास्तीकडे. इथे प्रकल्पाच्या मुळातल्या बॅबेल-आरसी या कॉन्फिग फाइलचं नावच नाही. म्हणजे प्लगिनपर्यंत कोडची फाइल पोचलीच नव्हती.

कारण असं. बॅबेल-आरसी शोधताना बॅबेल फाइलपासून वरवर चढत जातं आणि पॅकेज डॉट जेसन ही पॅकेजची माहिती देणारी पहिली फाइल भेटली की थांबतं. मोनोरेपोत, म्हणजे अनेक पॅकेजेस एकत्र ठेवलेल्या प्रकल्पात, प्रत्येक पॅकेजला स्वतःचं पॅकेज डॉट जेसन असतं, त्यामुळे मुळातली बॅबेल-आरसी तिथवर जातच नाही. बरं, पॅकेजच्या आत वेगळी बॅबेल-आरसी ठेवली तरी बॅबेल-आरसी-रूट्स या पर्यायात ते पॅकेज नोंदवल्याशिवाय ती वाचली जात नाही. सगळीकडे लागू व्हायला हवं ते मुळातल्या बॅबेल डॉट कॉन्फिगमध्येच टाकायचं. ही सोय 2018 मध्ये, बॅबेल 7 मध्ये आली. कमांड उपफोल्डरमधून चालवत असाल तर रूट-मोड 'अपवर्ड' ठेवा, नाहीतर बॅबेल त्या उपफोल्डरलाच मूळ समजतं.

आता क्रम. प्लगिन्स प्रीसेट्सच्या, म्हणजे प्लगिन्सच्या तयार संचांच्या, आधी लागतात, तेही यादीत वरून खाली. प्रीसेट्स मात्र उलटे, शेवटचा आधी. हा उलटा क्रम जुन्या कॉन्फिग्ज मोडू नयेत म्हणून ठेवलेला आहे. नव्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो. आणखी एक: एक प्लगिन अख्खी फाइल संपवतं आणि मग दुसरं सुरू होतं, असं नाही. कोडच्या झाडावरून एकच फेरी होते आणि प्रत्येक नोडवर सगळी प्लगिन्स आपापल्या क्रमानं हात लावतात.

खरी महागात पडणारी चूक वेगळी आहे. वर प्रीसेट-एन्व्ह या प्रीसेटला टार्गेट्स, म्हणजे कोणत्या ब्राउझरांसाठी कोड हवा ते, दिले, खाली प्रॉडक्शनसाठी तोच प्रीसेट फक्त मॉड्यूल्सचा पर्याय देऊन पुन्हा लिहिला. पर्याय एकत्र होत नाहीत. नवा संच जुन्याची जागा घेतो आणि टार्गेट्स उडतात. ब्राउझरलिस्ट ही ब्राउझरांची यादीही नसेल तर बॅबेल 7 सगळं ईएस-5 या जुन्या जावास्क्रिप्टपर्यंत उतरवतं आणि बंडल, म्हणजे तयार फाइल, फुगतं. म्हणून 7.13 पासून टार्गेट्स प्रीसेटच्या बाहेर, कॉन्फिगच्या वरच्या पातळीवर लिहिता येतात. तिथेच लिहा.

कॉन्फिग फंक्शन असेल तर कॅशचं, म्हणजे साठवून ठेवलेल्या उत्तराचं, काय करायचं ते सांगावंच लागतं, नाहीतर बॅबेल एरर देतं. तो एरर घालवायला कॅश 'ट्रू' केला की फंक्शन एकदाच चालतं. आत नोड-एन्व्ह, म्हणजे प्रॉडक्शन की डेव्हलपमेंट ते, वाचत असाल तर पहिलंच उत्तर त्या प्रोसेसभर टिकतं. त्याऐवजी एपीआय डॉट एन्व्ह वापरा. घरी लिहिलेल्या प्लगिनचा कोड बदलूनही आउटपुट तसंच येत असेल, तर नोड-मॉड्यूल्समधल्या डॉट-कॅश फोल्डरातलं बॅबेल-लोडर पुसून बिल्ड पुन्हा करा.

दृश्य: टर्मिनलवर आता बॅबेल डॉट कॉन्फिगचं नाव आलंय. फोनवर लॉगिनचं पान उघडतं.