ज्यांची सुटत नाही, त्यांचा कर

(दृश्य: पाकिटावरचा करशिक्का, अगदी जवळून.)

प्राप्तिकर आधी कमाई विचारतो, मग आकारणी करतो. सिगारेटवरचा कर काहीच विचारत नाही. बंगल्यात राहणारा आणि रोजंदारीवर जगणारा, दोघांनाही एका पाकिटामागे तेवढाच भरावा लागतो. अर्थतज्ज्ञ याला प्रतिगामी कर म्हणतात. ज्याच्या खिशात कमी, त्याला झळ जास्त.

किती जास्त? न्यूयॉर्क राज्याने २०१० साली पाकिटामागचा कर ४.३५ डॉलरवर नेला. त्या सुमारास तिथल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या खर्चाचा अभ्यास झाला. वर्षाला ६० हजार डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्यांच्या कमाईतले जेमतेम २ टक्के सिगारेटवर जात होते. तीस हजारांच्या आतल्यांचे? जवळजवळ २४ टक्के. त्या अभ्यासाच्या साधारण सात वर्षं आधी हाच आकडा १२ टक्क्यांच्या आसपास होता.

(दृश्य: किमतींचा चढता आलेख.)

कराची बाजू घेणारे म्हणतात, गरीब माणूस किमतीला लवकर दबतो, म्हणून सोडतोही लवकर. मग आरोग्याचा फायदा त्यालाच. हे खोटं नाही. जागतिक बँकेच्या १९९९ च्या अहवालात अंदाज होता, की किंमत १० टक्क्यांनी वाढली तर श्रीमंत देशांत मागणी साधारण ४ टक्क्यांनी घटते, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ८ टक्क्यांनी. ज्यांची सिगारेट अशी सुटली, त्यांचं आयुष्य वाढलं. कर रद्द करा, असं कुणी म्हणत असेल तर आम्ही त्याच्या बाजूचे नाही.

पण हिशेब पुढे नेऊ. शंभर सिगारेटींमधल्या आठ कमी झाल्या. उरलेल्या ब्याण्णव नव्या, दहा टक्के चढ्या दराने ओढल्या गेल्या. एकूण खर्च उतरला नाही, उलट किंचित वाढला. ज्यांनी सोडली त्यांचे पैसे वाचले, म्हणजे हा वाढीव भार पडला ज्यांना सोडता आली नाही त्यांच्यावर. आरोग्याचा फायदा एकाला, भुर्दंड दुसऱ्याला. ‘गरिबांचं भलं’ म्हणताना ही दोन माणसं बिनदिक्कत एक धरली जातात.

आणि ज्यांची सुटत नाही ते हट्टी असतात असं नाही. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. काही तास मिळालं नाही की चिडचिड, अस्वस्थता, कशात लक्ष लागत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर असं दिसलं, की कर वाढल्यावर लोक सिगारेटी कमी ओढतात, पण प्रत्येकीतून जास्त निकोटिन खेचतात. या निष्कर्षावर पुढे वाद झाला, हेही सांगायला हवं. तलफ मात्र वादाची वाट पाहत नाही.

(दृश्य: हातातली एकच सुटी सिगारेट.)

हातात पैसे असलेला माणूस पाकिटांचा अख्खा खोका घेतो, त्याला स्वस्त पडतं. नसलेला एकेक घेतो, आणि नगामागे जास्त मोजतो. कर चढला की याच सुट्या, करचुकव्या मालाचा धंदा तेजीत येतो. १७ जुलै २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर पोलिसांनी एरिक गार्नर या कृष्णवर्णीय नागरिकाला अडवलं ते करचुकव्या सुट्या सिगारेटी विकत असल्याच्या संशयावरून. गळ्याभोवती हात आवळला गेला आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्या मृत्यूचा दोष कराला देणं चुकीचं होईल. पण करवसुलीचा बडगा कोणत्या वस्तीत उतरतो, ते तिथे दिसलं.

आता जमा झालेल्या पैशाचं बघू. अमेरिकेने २००९ मध्ये पाकिटामागचा केंद्रीय कर ३९ सेंटवरून १.०१ डॉलर केला, मुलांच्या आरोग्यविम्यासाठी. काम चांगलंच. पण मुलांची जबाबदारी सगळ्या देशाची असताना बिल व्यसनात अडकलेल्यांच्या नावावर का? फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्यात वाढीव महसुलाचा मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्यसेवेकडे वळवला. तिथे निदान पैसा आला त्या दिशेने थोडा परत गेला.

(दृश्य: कराराच्या मसुद्याची पानं.)

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ साली लागू झाला. त्याचं सहावं कलम कर आणि किमतीबद्दल आहे. चौदावं कलम सांगतं, की व्यसन सोडू पाहणाऱ्याला मदत द्या. सहाव्यातून तिजोरीत पैसा येतो, चौदाव्यासाठी तिजोरीतून जातो. सरकारांना कोणतं कलम आधी आठवतं, हे वेगळं सांगायला नको.

सिगारेट सोडायला मदत करणारी निकोटिनची पट्टी आणि च्युइंगम संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत. उपचार साधारण आठ ते बारा आठवड्यांचा. रोज एकेक सिगारेट घेणाऱ्याकडे तेवढे पैसे एकदम नसतात. कराच्या रूपाने मात्र तो तेवढे कधीच भरून चुकलेला असू शकतो. त्या जमेतून त्याचा उपचार फुकट करायला अडचण कोणती, याचं उत्तर अर्थखात्यांनी द्यायचं आहे.